स्क्लेरोडर्मा आणि चालण्याची क्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे (म्हणजे आतल्या अवयवांवरही परिणाम करणाऱ्या स्क्लेरोडर्माचे) रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं चालण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका उत्तरातली माहिती दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधाचा डोस मात्र इथे वाचून बदलू नका.

१. स्क्लेरोडर्मा तर कातडीचा आजार. मग चालताना दम का लागतो?

कातडीवर तो दिसतो, एवढंच. या आजारात तीन गोष्टी सोबत चालू असतात: प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होत जातात आणि अवयवांमध्ये चिवट तंतू साठतात. चालायचं तर फुप्फुसांनी प्राणवायू रक्तात सोडायचा, हिमोग्लोबिनने तो वाहून न्यायचा, हृदयाने पुढे ढकलायचा, स्नायूंनी वापरायचा आणि सांधे व तळव्यांनी वजन पेलायचं. यातलं काहीही बिघडू शकतं, आणि पुष्कळांच्या बाबतीत एकापेक्षा जास्त गोष्टी बिघडलेल्या असतात. म्हणून "किती चाललो" यापेक्षा "कशामुळे थांबलो" हे सांगणं जास्त उपयोगाचं. दमामुळे, मांड्या गळाल्यामुळे, तळवा दुखल्यामुळे की भोवळ आल्यामुळे? हे एका वाक्यात लिहून न्या. कुठली तपासणी आधी करायची, ते त्यावरून ठरतं.

२. सहा मिनिटं चालण्याची चाचणी कशी करतात? तयारी काय करायची?

सपाट, कडक जमिनीच्या ३० मीटर लांब मार्गिकेत दोन टोकांना खुणेचे शंकू ठेवतात आणि सहा मिनिटांत तुम्ही जास्तीत जास्त किती अंतर चालता ते मोजतात. पळायचं नाही. थांबावंसं वाटलं तर भिंतीला टेकून थांबता येतं, पण घड्याळ थांबत नाही. सुरुवातीला आणि शेवटी नाडी, ऑक्सिजन आणि शून्य ते दहाच्या बोर्ग मापावर दम व पायांचा थकवा नोंदवतात.

रोजची औषधं नेहमीप्रमाणे घ्या, हलकं खा, आधीचे दोन तास दमणुकीचं काही करू नका. नेहमीची चप्पल किंवा बूट घाला, काठी वापरत असाल तर काठी न्या. सुरू करण्याआधी दहा मिनिटं खुर्चीत बसवतात. ती दहा मिनिटं नोंदणीच्या रांगेत उभं राहण्यात गेली असतील तर तसं सांगा आणि बसून घ्या. पहिल्यांदाच चाचणी असेल तर पुरेशा विश्रांतीनंतर ती दुसऱ्यांदा करून मोठा आकडा धरतात, कारण नुसत्या सरावानेही अंतर वाढतं.

गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल तर ही चाचणी करत नाहीत. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर सहसा पुढे ढकलतात.

३. माझे ३८० मीटर आले. कमी आहेत का?

वय, उंची आणि वजन सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. जगभर वापरलं जाणारं एक सूत्र १९९८ सालचं, अमेरिकेतल्या ४० ते ८० वयाच्या निरोगी लोकांवरून काढलेलं आहे. स्त्रियांसाठी: उंचीला (सेंमी) २.११ ने गुणा, त्यात ६६७ मिळवा, मग वजन (किलो) गुणिले २.२९ आणि वय गुणिले ५.७८ हे दोन्ही वजा करा. पुरुषांसाठी: उंची गुणिले ७.५७, त्यातून वय गुणिले ५.०२, वजन गुणिले १.७६ आणि शिवाय ३०९ वजा.

४५ वर्षांची, १५५ सेंमी उंचीची, ५० किलोची स्त्री धरली तर अपेक्षित अंतर सुमारे ६१९ मीटर येतं. त्यातून १३९ वजा केले (पुरुषांसाठी १५३) की सामान्य मर्यादेची खालची कड मिळते, इथे ४८०. म्हणजे तिच्यासाठी ३८० कमीच. पण हे सूत्र आपल्याकडे जरा कडक पडतं, निरोगी भारतीय माणसंही पुष्कळदा त्याच्याइतकं चालत नाहीत. चाळिशीच्या आतल्यांसाठी तर ते बनवलेलंच नाही.

१६५, ३२० आणि ४४० मीटर हे आकडे तुम्ही कुठे वाचले असतील, तर ते फुप्फुसाच्या धमन्यांमधल्या उच्च दाबाची जोखीम ठरवण्याचे आहेत. तो दाब नसलेल्या माणसाने स्वतःला ते लावून घाबरू नये.

४. गेल्या वेळेपेक्षा २० मीटर कमी आले. आजार वाढला?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. फुप्फुसाच्या जुनाट आजारांत साधारण ३० मीटरचा फरक अर्थपूर्ण मानतात. त्याच्या आत असेल तर आधी चाचणीची परिस्थिती तपासा: मार्गिका तीच होती का (आखूड मार्गिकेत वळणं वाढतात आणि अंतर घटतं), दिवसाची वेळ तीच होती का, पायाला नवी जखम होती का, बूट बदलले होते का.

याच्या उलट, अंतर तेवढंच आहे पण शेवटी ऑक्सिजन ९५ ऐवजी ८७ वर आला आणि बोर्ग ३ वरून ६ वर गेला, तर तो बदल खरा मानावा. रिपोर्टवर फक्त मीटर लिहून दिले असतील तर बाकीचे आकडे मागून घ्या.

५. बोटाला ऑक्सिमीटर लावला की कधी ८२ दाखवतो, कधी काहीच नाही. घाबरायचं का?

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरोघरी आहे, आणि या आजारात सगळ्यात जास्त घोटाळा तोच करतो. बोटाच्या टोकाला रक्त नीट पोचत असेल तरच तो बरोबर आकडा देतो. रेनॉडमुळे (गारठ्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याच्या त्रासामुळे) बोटं पांढरी-निळी पडलेली, कातडी ताठर, टोकाला जखम किंवा व्रण: अशा बोटावर येणारा आकडा बहुधा खोटा असतो आणि खालच्या बाजूला चुकतो.

हात कोमट करा, नेलपॉलिश काढा, दुसऱ्या बोटावर पाहा. यंत्राने दाखवलेली नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचाही आकडा धरू नका. दवाखान्यात चाचणीच्या वेळी कपाळावर किंवा कानाच्या पाळीवर लावायचा सेन्सर मागा. बोटाचा चिमटा तसाच कानाला लावून चालत नाही, कानासाठी वेगळा मिळतो. शंका राहिलीच तर मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन खात्री करतात.

६. दम फुप्फुसामुळे, हृदयामुळे की नुसत्या अशक्तपणामुळे, हे कसं कळणार?

एका तपासणीने कळत नाही. फुप्फुसात तंतू साठले असतील तर एचआरसीटीमध्ये (फुप्फुसांच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) दिसतात आणि फुंकण्याच्या चाचणीत एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर फुंकलेली एकूण हवा) कमी येते. सोबत कोरडा खोकला असू शकतो. धमन्यांमधल्या दाबासाठी प्रश्न ७ पाहा, रक्त कमी असण्यासाठी प्रश्न ८, स्नायूंसाठी प्रश्न ९. हृदयाच्या स्नायूतच तंतू साठले किंवा ठोक्यांची लय बिघडली तर धडधड होते, आडवं पडल्यावर दम वाढतो. तिथे इको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी आणि २४ तासांचा हॉल्टर (ठोके सतत नोंदवणारं अंगावरचं यंत्र) लागतो. थायरॉइड मंद असणंही या आजारात वारंवार सापडतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.

हे सगळं तपासून काही सापडलं नाही, तर महिनोन्महिने कमी हालचाल केल्याने शरीर ढिलं पडलेलं असण्याची शक्यता जास्त. हा निष्कर्ष मात्र शेवटी काढायचा. तरुण बाईला दम लागतो म्हटलं की "टेन्शन घेऊ नका" असं आधीच सांगून मोकळं होण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि त्यात वर्षं जातात.

७. सीटी स्कॅन चांगला आला, एफव्हीसीही चांगली. तरी एक जिना चढला की धाप लागते. असं का?

हा प्रश्न हलका समजू नका. फुप्फुसाचं ऊतक ठीक असूनही त्यातल्या धमन्या अरुंद होऊन त्यांच्यातला दाब वाढू शकतो. मग हृदयाच्या उजव्या भागाला जोर लावावा लागतो. बसल्या जागी तो निभावतो, जिन्यावर निभावत नाही. या आजाराच्या साधारण दहातल्या एकाला हा त्रास होतो, आणि बोटांपुरतीच कातडी जाड असलेल्या, बरीच वर्षं "सौम्य" म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांमध्येही होतो.

पहिला सुगावा बहुधा डीएलसीओ या चाचणीत मिळतो. फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो, ते ती मोजते. एफव्हीसीची टक्केवारी भागिले डीएलसीओची टक्केवारी १.६ च्या वर गेली तर धमन्यांकडे लक्ष जायला हवं. उदाहरणार्थ एफव्हीसी ९० टक्के आणि डीएलसीओ ४५ टक्के म्हणजे भागाकार २. एक मेख इथे आहे: हिमोग्लोबिन कमी असेल तर डीएलसीओ उगीच कमी दिसतो, म्हणून तो हिमोग्लोबिननुसार दुरुस्त केलेला आहे का ते विचारा. पुढे एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), ईसीजी आणि इको. इको फक्त अंदाज देतो. निदान पक्कं होतं ते हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून दाब मोजल्यावरच. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिमीच्या वर गेला की तो वाढलेला धरतात, पूर्वी ही रेषा २५ वर होती. दरवर्षी इको आणि डीएलसीओ करून घेणं म्हणूनच गरजेचं, दम नसला तरी.

८. हिमोग्लोबिन ८ आहे. लोहाच्या गोळ्या चार महिने घेऊनही वाढत नाही.

आधी रक्त कुठे जातंय ते शोधायला हवं. या आजारात जठराच्या खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या फुगून तिथून थेंब थेंब रक्त झिरपतं. एंडोस्कोपीत कलिंगडाच्या सालीसारखे लाल पट्टे दिसतात. शौच काळी होईलच असं नाही. उपाय एंडोस्कोपीतूनच होतो, त्या वाहिन्या डागून बंद करतात.

दुसरं कारण शोषणाचं. जळजळीसाठी रोज घेतलेल्या पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्यांनी लोह कमी शोषलं जातं, पण त्या स्वतःहून बंद करू नका, अन्ननलिकेला त्यांची गरज असते. आतड्यात जंतू वाढले असतील तर पोट फुगतं, जुलाब होतात आणि बी१२ सुद्धा उतरतं. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. तरीही हलत नसेल तर शिरेतून लोह देतात. हिमोग्लोबिन सुधारल्यावर चालण्याचं अंतर पुन्हा मोजावं. पुष्कळदा फुप्फुसाच्या खात्यावर मांडलेला दम इथेच कमी होतो.

९. दम लागत नाही, पण खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. स्टिरॉइडने ताकद येईल का?

हात टेकणं, जिन्याला कठडा धरणं, केस विंचरताना हात खाली येणं: ही मांडी आणि खांद्याच्या स्नायूंची लक्षणं. सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी, ईएमजी (स्नायूंमधल्या विद्युत हालचालीची तपासणी) आणि गरज पडली तर एमआरआय करतात. स्नायूला सूज असेल तर औषधाने फरक पडतो. वजन घटून स्नायू झिजले असतील तर औषधापेक्षा आहार आणि व्यायाम (प्रश्न १४).

स्टिरॉइडबद्दल सावध राहा. प्रेडनिसोलोन दिवसाला १५ मिग्रॅपेक्षा जास्त झालं की या आजारात मूत्रपिंडावर अचानक संकट येण्याचा धोका वाढतो, विशेषतः ज्यांची कातडी झपाट्याने जाड होत आहे त्यांच्यात. डॉक्टरांनी दिलंच तर घरी रोज रक्तदाब मोजा. १४०/९० च्या वर गेला, किंवा नेहमीपेक्षा वरचा आकडा ३० ने वाढला, तर त्याच दिवशी कळवा. आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड स्वतःच मांड्यांचे स्नायू दुबळे करतं, तेव्हा सीपीके सामान्य असते.

१०. चवड्याखाली खडे टोचल्यासारखं होतं. चप्पल कसली घ्यावी?

चवड्याखालची चरबीची गादी या आजारात विरते, बोटं वर आखडतात आणि सगळा भार हाडांच्या टोकांवर येतो. तिथे घट्टे आणि कुरूपं होतात. काहींना कातडीखाली चुन्याचे कठीण खडे साठतात, म्हणजे टोचणारा खडा खराही असू शकतो. घट्टे ब्लेडने घरी कापू नका, कुरुपाच्या औषधी पट्ट्या लावू नका. त्यातल्या आम्लाने झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वात लांब बोटापुढे साधारण एक सेंमी मोकळं हवं आणि वरून बोटांना काही टेकायला नको. आतली गादी काढता येणारी असावी, म्हणजे तिच्या जागी मऊ गादी बसवता येते. तळ मधून सहज दुमडणारा नको. पुढे किंचित वर वळलेला, ताठ तळ असला की चवड्यावरचा भार कमी होतो. हात वळत नसतील तर नाडीऐवजी चिकटपट्टीचे बूट घ्या. कोल्हापुरी चपलेचा अंगठा आणि कडक चामडं अशा पायाला मानवत नाही, लग्नात तासभरही नको.

११. बोटाला जखम असताना चालू की नको? घरात आम्ही अनवाणीच असतो.

जखमेवर भार येत असेल तर फिरणं थांबवा आणि बसून व्यायाम करा (प्रश्न १४). भार येत नसेल तर जखम झाकून, सैल बुटात चालता येतं. पू, वाढती लाली किंवा बोटाचं टोक काळं पडणं यांपैकी काहीही दिसलं तर दवाखाना गाठा.

अनवाणी राहणं बंद करा. डिसेंबरात पहाटेची फरशी रेनॉडला पुरेशी गार असते. घरात बंद टाचेची मऊ चप्पल, देवळात जाड मोजे. तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका, भाजल्याचं कळत नाही. पाय बुडवायचं पाणी कोपराने तपासा.

१२. ठराविक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. हेही रेनॉडच का?

नाही. रेनॉड मुख्यतः हातापायांच्या बोटांना होतो, पोटरीला नाही. दरवेळी तेवढ्याच अंतरावर पोटरी दुखणं आणि दोन-चार मिनिटं उभं राहिल्यावर जाणं, हे पायाची मोठी धमनी अरुंद झाल्याचं लक्षण आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार काढतात. तो ०.९ पेक्षा कमी आला तर धमनीत अडथळा आहे. १.४ च्या वर आला तर भिंती ताठ झालेल्या असल्यामुळे आकडा निरुपयोगी, अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. तंबाखू, मिश्री, बिडी यांपैकी काहीही चालू असेल तर आधी ते सुटायला हवं.

१३. घोटा वाकत नाही, उकिडवं बसताच येत नाही. चालण्याशी याचा संबंध आहे?

आहे. पाऊल पुढे टाकताना घोटा सुमारे १० अंश वर वळावा लागतो. तो वळला नाही की पाऊल आखूड पडतं, गुडघा अर्धवट वाकलेला राहतो आणि मांडीला जास्त राबावं लागतं. हात घोट्यावर ठेवून पाऊल हलवल्यावर चामड्यासारखी करकर जाणवली तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ती स्नायुबंधांभोवतीची असते आणि आजार वेगाने पसरत असल्याची खूण मानली जाते.

ताण देण्याचा व्यायाम: कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवून, पुसून, भिंतीला हात टेका. एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. ३० सेकंद थांबा, झटके देऊ नका, प्रत्येक पायाने तीन-चार वेळा, दिवसातून दोनदा. मग हेच गुडघा किंचित वाकवून. उकिडवं बसण्याचा हट्ट नको. कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायचा दांडा लावून घ्या.

१४. मग व्यायाम करायचा तरी किती?

बोर्ग मापावर ३ ते ४ पर्यंत, म्हणजे वाक्य पूर्ण बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. सलग २० मिनिटं जमत नसतील तर दोन मिनिटं चाला, एक मिनिट बसा, असं सहा-सात वेळा करा. आठवड्याला एकूण मिनिटं थोडीच वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग मोडून गेलं असेल तर आदल्या दिवशीचं जास्त झालं.

मांड्यांसाठी खुर्चीतून उठबस: आठ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. उंच खुर्चीने सुरुवात करा. पायाला जखम असेल तर बसून गुडघा सरळ करणं, हातांची सायकल. हिवाळ्यात पहाटेचं फिरणं सोडा, ऊन चढल्यावर निघा आणि नाकावर रुमाल घ्या. जेवणानंतर लगेच वाकून करायचे व्यायाम नकोत, आम्ल वर येतं.

फुप्फुसधमन्यांचा दाब असलेल्यांनीही व्यायाम करावा, पण औषधं सुरू होऊन प्रकृती स्थिर झाल्यावर आणि सुरुवातीला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. श्वास रोखून वजन उचलणं वर्ज्य. चालताना भोवळ आली, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी रुग्णालय.

१५. अॅम्लोडिपिन सुरू केल्यापासून घोटे सुजतात. त्यामुळे चालणं जड झालंय का?

शक्य आहे. रेनॉडसाठी दिलेल्या अॅम्लोडिपिन-निफेडिपिनने दोन्ही घोटे सुजतात, आणि लघवीच्या गोळ्यांनी ही सूज फारशी उतरत नाही. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हे डॉक्टर ठरवतील. फुप्फुसधमन्यांच्या दाबासाठी दिल्या जाणाऱ्या बोसेन्टान आणि त्याच्या जातीतल्या औषधांनीही सूज येते, हिमोग्लोबिनही थोडं उतरतं. पण सूज आणि वाढता दम एकत्र असतील तर ती उजव्या हृदयाची असू शकते. एकाच पायाला अचानक, दुखरी सूज आली तर शिरेतली गुठळी वगळायला हवी.

१६. चालताना ऑक्सिजन लावला तर जास्त चालता येईल?

बसल्या जागी आकडा चांगला आणि चालताना ८८ च्या खाली जात असेल (प्रश्न ५ मधली खात्री करून), तर काहींना फायदा होतो. ऑक्सिजन लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे सहा मिनिटं चालून पाहावं. सिलिंडर स्वतः ओढायचा असेल तर त्याच्या वजनानेच अंतर घटू शकतं. खांद्यावरच्या यंत्रावरचा "२" म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे, ते श्वासागणिक झोत सोडतं. म्हणून सेटिंग चालवूनच ठरवायचं, बसवून नाही.

१७. महाबळेश्वरला किंवा लेहला गेलो तर? विमानाचं काय?

महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. उंचीपेक्षा तिथल्या थंडीचा त्रास जास्त, मोजे आणि हातमोजे घेतले की बहुतेकांना जमतं. लेह ३५०० मीटरवर आहे. फुप्फुस किंवा धमन्यांचा त्रास असेल तर तो बेत सोडा. अशांना १५०० ते २००० मीटरच्या वर ऑक्सिजनशिवाय जाऊ नका असंच सांगितलं जातं. विमानाच्या आतली हवा सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते. जमिनीवर बसून ऑक्सिजन ९२ पेक्षा कमी असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांचं पत्र आणि विमान कंपनीची परवानगी घ्या.

१८. तळव्याच्या जखमेमुळे सहा मिनिटांची चाचणी जमतच नाही. मग प्रगती कशी मोजायची?

जमत नसताना ओढूनताणून केलेल्या चाचणीचा आकडा फुप्फुसाच्या औषधाचा परिणाम म्हणून वाचला जाण्याची भीती असते. त्यापेक्षा "पायामुळे केली नाही" अशी नोंद करवून घ्या. तोवर एफव्हीसी, डीएलसीओ, एनटी-प्रोबीएनपी आणि इको यांवर लक्ष ठेवता येतं. भार टाचेवर पेलत असेल तर एक मिनिटाची उठबस चाचणी होते: सुमारे ४६ सेंमी उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून, हात कमरेवर ठेवून एका मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता ते मोजायचं. दरवेळी खुर्ची तीच ठेवा. मांड्यांचे स्नायूच दुबळे असतील (प्रश्न ९) तर ही चाचणी फुप्फुसाबद्दल काही सांगत नाही.